लाल झाकणाची नळी

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी साडेसातला, भिसेगावातल्या आमच्या घरात मी लॅपटॉपसमोर एकटीच ओरडले, "सापडला!" शेजारच्या इंदूबाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "उंदीर का गं?"

"त्याहून मोठा," मी म्हटलं.

मी समिधा. पुण्यातल्या एका छोट्या गटासाठी घरून काम करते. एखाद्या औषधावर जेवढ्या चाचण्या झाल्या असतील तेवढ्या शोधायच्या, प्रत्येकीची उलटतपासणी घ्यायची आणि शेवटी सांगायचं, हे औषध चालतं की नाही. याला आढावा म्हणतात. कागद चिवडायचं काम आहे, पण मला त्यात शिकारीची मजा येते.

या खेपेला विषय माझ्या दाराबाहेरचाच होता. चिखल्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत महिनाभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या कुजतात, फुटतात, रात्री आग होते आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं असतं. त्यावरच्या एका मलमाच्या चार चाचण्या आम्हाला मिळाल्या होत्या. तीन किरकोळ होत्या. चौथी मोठी, सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका डॉक्टरांनी आमच्याच कर्जत तालुक्यातल्या चार वाड्यांमध्ये केलेली. शहाण्णव बायका. निम्म्या जणींना औषधाचं मलम, लाल झाकणाच्या नळीतून. निम्म्या जणींना तसंच दिसणारं नुसतं मेण, निळ्या झाकणाच्या नळीतून. कोणत्या नळीत काय आहे ते वाडीत कुणालाच ठाऊक नाही. चौदा दिवसांनी पाहिलं तर लालवाल्या अठ्ठेचाळीसपैकी एकोणचाळीस जणींचे पाय बरे, निळ्यावाल्या सतरा जणींचेच. निबंध छापून आला, वाहवा झाली.

आता मी काय पकडलं ते सांगते. चाचणी सुरू करण्याआधी आपण काय काय मोजणार ते सरकारी संकेतस्थळावर नोंदवावं लागतं. लग्नाआधी आपल्याकडे याद्या करतात ना, तसंच. एकदा याद्या झाल्या की मांडवात उभं राहून "असं ठरलंच नव्हतं" म्हणता येत नाही. या डॉक्टरांच्या यादीत तीन गोष्टी होत्या. चौदा दिवसांनी पाय बरे झाले का, आवणी संपेपर्यंत पुन्हा फुटले का, आणि त्यापायी किती दिवस काम बुडालं. छापलेल्या निबंधात पहिली गोष्ट होती. बाकीच्या दोन गायब. त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लगेच हर्षदला फोन लावला. हर्षद आमच्या गटाचा प्रमुख, अतिशय शांत माणूस. त्याच्या शांतपणाचाच मला जास्त राग येतो.

"लपवलंय," मी म्हटलं. "दोन आठवड्यांत बरे झालेले पाय महिन्याभरात पुन्हा फुटले असणार. मलम चालत नाही, म्हणून ती पानं गाळली."

"शक्य आहे," तो म्हणाला. "पण ही शंका झाली. डॉक्टरांना आपण सगळ्या आकड्यांसाठी तीनदा लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच उत्तर आलं. सोमवारी सकाळी आढावा सरकारी समितीकडे द्यायचाय, समिधा. यंदाच्या आवणीआधी हे मलम आरोग्य उपकेंद्रांत ठेवायचं की नाही ते त्यावरून ठरणार आहे. 'चालत नाही' असं तू कशाच्या जोरावर लिहिणार?"

"सोमवारपर्यंत जोर आणते. नाही आणला तर बैठकीत उभी राहून 'माझं चुकलं' म्हणेन."

"आणि आणलास तर मी म्हणेन."

उचलली जीभ लावली टाळ्याला. जोर आणायचा कुठून, याचा मी काडीचा विचार केला नव्हता. मी निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला आणि शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, आभार दिसले. संस्थेचे, प्रयोगशाळेचे, यंत्र देणाऱ्यांचे, आणि सगळ्यांच्या खाली 'क्षेत्रसेविका जना पादीर'.

इंदूबाई अजून खिडकीतच होत्या. रानमेवा विकायला येणाऱ्या बायका त्यांच्या ओट्यावर टेकतात, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना माहीत. "जना पादीर? पळसदरीच्या वरल्या वाडीतली? पाय बगायची ती?" त्या म्हणाल्या. "तिला कोन नाय वळखत. काल तर करवंदं देऊन गेली."

मी चहाचा कप तसाच टाकून लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटीची किल्ली घेतली.

पळसदरीचं धरण मागे टाकलं की डांबर संपतं. तिथून वर मी स्कूटी जवळजवळ खांद्यावरच घेतली म्हणा. ऊन रणरणत होतं, पण माझ्या डोक्यात एकच विचार होता. ज्या बाईने ते पाय स्वतः पाहिले तिला मी अर्ध्या तासात भेटणार. तीन मेलांनी जे झालं नाही ते पेट्रोलच्या एका टाकीत होणार होतं.

जनाताई अंगणात पळसाच्या पानांचे द्रोण लावत बसली होती. पंचेचाळिशीची, काटक. मी चाचणीचं नाव काढलं तशी ती ताडकन उठली.

"आनली का लाल नळी?"

"नाही, मी त्या चाचणीची माहिती विचारायला आलेय."

"सर बोलले व्हते परत येऊ, समद्यांना देऊ. सा पावसाळे झाले. मी दर साली बायांना सांगते, येईल, येईल. आता बाया माज्यावर हसतात." ती पुन्हा खाली बसली. "तुमी इचारा काय ते."

तिचं ते बोलणं मी ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मला आकडे हवे होते. आवणी संपताना पुन्हा पाय बघितले होते का, असं मी विचारलं.

"बगितले म्हंजे? चार वाड्या पायी फिरले. शेवटपर्यंत."

"ते लिहिलेले कागद?"

"फारम सरांनी नेले." मग तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "माजी वही हाय."

तिने आतून पत्र्याची पेटी ओढून आणली. लुगडी, रेशनकार्ड, एक फुटका आरसा, आणि तळाशी खताच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशे पानी वही. फॉर्म इंग्रजीत होता आणि जनाताई सातवीपर्यंत शिकलेली. फॉर्मवर खूण चुकली तर काय, या भीतीने तिने स्वतःची रीत काढली होती. प्रत्येक बाईचं एक पान. प्रत्येक भेटीला पावलांची जोडी, आपण दिवाळीला उंबऱ्याशी काढतो तशी, आणि जी बेचकी फुटली असेल तिथे ठिपका. पानाच्या कोपऱ्यात झाकणाचा रंग. खाली तारीख आणि बुडालेले दिवस.

मी अशी वही जन्मात पाहिली नव्हती. मोठमोठ्या संस्थांचे तक्ते माझ्या नजरेखालून गेलेत, पण हिच्या एका पानावर बाईचा अख्खा पावसाळा दिसत होता. चौदाव्या दिवसाची पावलं मोजली. लालवाल्या एकोणचाळीस बऱ्या, निळ्यावाल्या सतरा. निबंधाशी तंतोतंत जुळलं. मग शेवटच्या भेटीची पावलं मोजायला घेतली. बोट पानांवरून सरकत होतं आणि मी मोठ्याने आकडे म्हणत होते. पुन्हा पाय फुटलेल्या लालवाल्या सहा. निळ्यावाल्या सात.

सहा आणि सात. बुडालेले दिवसही सारखे. फरक उडाला होता. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

वाडीत रेंज नव्हती. "वर खडकाव जा, तिथं लागतो," जनाताईने सांगितलं आणि मी कडक उन्हात त्या खडकापर्यंत पळत गेले. फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "सहा विरुद्ध सात. आवणी संपेपर्यंत मलम आणि मेण सारखंच. पुरावा पाहिजे होता ना? घे."

दोन मिनिटांत हर्षदचं उत्तर आलं. "मान्य. हरलो. 'पुढे उपयोग टिकत नाही, शिफारस नाही' असं लिहितो. संध्याकाळी मसुदा पक्का करू."

मी त्या खडकावर एकटीच नाचले. खोटं कशाला सांगू? चांगली दोन मिनिटं नाचले.

खाली आले तेव्हा जनाताईने कोरा चहा ठेवला होता. मी हसतेय हे पाहून तीही हसली. "मंग आता तरी येनार ना नळी?"

"नाही येणार, जनाताई. ते मलम चालत नाही. तुमच्याच वहीने सिद्ध झालं. लाल काय नि निळं काय, शेवटी सगळं सारखंच."

तिने कप खाली ठेवला. "कोन बोललं चालत नाय?"

"हे बघा ना, सहा आणि सात."

"आवो, सारकंच व्हनार. समद्या लालच लावत व्हत्या."

मला आधी कळलंच नाही. तिने वही माझ्या हातातून घेतली, एका निळ्यावाल्या बाईचं पान उघडलं आणि चौदाव्या दिवसानंतरच्या पावलांच्या शेजारी लाल पेनाने काढलेली बारीक टिकली दाखवली. टिकलीखाली एका घराचं नाव होतं. पुढच्या पानावर तशीच टिकली. त्याच्या पुढच्याही. मी मोजत होते तेव्हा त्या टिकल्या मला दिसल्या होत्या. नक्षी असेल म्हणून सोडून दिल्या होत्या.

"चौदाव्या दिशी सर आले," ती सांगू लागली. "समाजमंदिरात समद्या बायांना एका रांगेत बशिवलं, पाय पुढं करून. तवर मी कडक व्हते, कुनाला कुनाच्या नळीला हात लावू दिला नाय. पन त्या रांगेत समद्यांनी समद्यांचे पाय बगितले. सोनाबाई आंधळी हाय का? तिच्या पायाला भेगा नि बाजूच्या जावंचा पाय चकचकीत. दुसऱ्या दिसापासून सुरू झालं. लाल नळी घरोघर फिरायला लागली. आमच्यात मीठ मागितलं तर नाय म्हनत नाय कोन, मंग औषदाला कसं म्हनायचं? चारी वाड्यांत तेच."

"आणि निळी नळी?"

तिने समाजमंदिराकडे बोट केलं. "त्या दाराच्या बिजागऱ्यांना लावली. अजून कुरकुरत नाय."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. डोक्यात सगळं भराभर उलटं फिरत होतं. पहिले चौदा दिवस नळ्या वेगळ्या होत्या, तेव्हा मलम चाललं. एकोणचाळीस आणि सतरा. नंतर सगळ्यांनीच मलम लावलं, म्हणून सगळ्यांचेच पाय टिकले. सहा आणि सात. फरक उडाला, कारण औषध सगळ्यांना मिळालं. ज्याला मी औषधाचं मरण समजून खडकावर नाचत होते, ती त्याची जीत होती.

"तुम्ही हे सरांना सांगितलं नाही?"

जनाताई पळसाचं एक पान उचलून त्याचा देठ खुडत राहिली. "नाय सांगितलं. एकीची दुसरीला द्यायची नाय, असं त्यांनी दहादा बजावलं व्हतं. बायांना बोलले असते, मला काडून टाकलं असतं. आनि फारमात तसा रकाना पन नव्हता. मी वहीत लिवलं नि गप बसले."

इथे माझ्या मनात जे आलं ते सांगायला हवं. मला गप्प बसावंसं वाटलं. सहा आणि सात हे आकडे खरे होते. खोटं काहीच लिहायचं नव्हतं, नुसतं टिकल्यांबद्दल बोलायचं नव्हतं. हर्षद हरला होता, सोमवारी भरल्या बैठकीत तो उभा राहणार होता, आणि जनाताईची वही पुन्हा पेटीत गेली असती. कुणाला कळणार होतं? आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या मुठी उघडत फिरतेय, आणि माझी स्वतःची मूठ किती सहज मिटत होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

माझा तापटपणा पहिल्यांदाच माझ्यावर उलटला, आणि ते बरं झालं. मी चहा एका घोटात संपवला आणि पुन्हा खडकाकडे पळाले. या वेळी चढ दुप्पट वाटला.

"मसुद्याला हात लावू नकोस," मी धापा टाकत हर्षदला सांगितलं. मग टिकल्या, रांग, सोनाबाई, बिजागऱ्या, सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "म्हणजे माझं चुकलं की तुझं?"

"माझं. त्यांनी लपवलं, हा माझा अंदाज बरोबर होता. मलम चालत नाही म्हणून लपवलं, हे मी माझ्या मनाने जोडलं होतं. आता डॉक्टरांना फोन कर. माहिती मागू नकोस. आकडे सारखे का आले ते कारण सांग आणि मग विचार."

तासाभराने उत्तर आलं. मी समाजमंदिराच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसले होते आणि मधूनमधून खडकावर चकरा मारत होते. हर्षदने सांगितलं की डॉक्टर म्हणाले, शेवटचे आकडे सारखे आले, का ते कळेना, आणि असा निबंध कुणी छापणार नाही असं वाटलं, म्हणून काढून टाकले. सोबत त्यांनी जुना तक्ता पाठवला होता. सहा आणि सात. बुडालेले दिवसही जनाताईच्या वहीसारखेच.

मग मी लिहायला बसले. बायकांची नावं झाकायची, असं जनाताईला वचन दिलं होतं. बाकी सगळं लिहिलं. काय मोजायचं ठरलं होतं, काय छापलं, काय गाळलं. चौदाव्या दिवसापर्यंतचा फरक भरवशाचा का, आणि त्यानंतरच्या आकड्यांवरून मलमाला पास किंवा नापास का करता येत नाही. दाराजवळ बायका जमायला लागल्या होत्या. जनाताई म्हणाली, वाचून दाखवा, म्हणून मी साध्या भाषेत वाचून दाखवलं.

वाचून झाल्यावर जनाताईने विचारलं, "म्हंजे मी तवाच बोलले असते, तर नळी आली असती?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं असं फार मनात आलं. पण त्या दिवसापुरती तरी मूठ मिटायची नाही, असं मी ठरवलं होतं. "कदाचित आली असती," मी म्हटलं. "तुम्ही बोलला असतात तर सरांना कारण कळलं असतं. आणि सरांनी आकडे छापले असते तर कुणीतरी कारण शोधत इथे आलं असतं. दोघांपैकी एक जण बोललं असतं तरी पुरे होतं. म्हणून आता सगळं लिहायचं."

तिने मान हलवली. ती रडली नाही. सगळ्या बायकांच्या पायांकडे एकदा बघून घेतलं, एवढंच. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली. हीच सोनाबाई. "ते समदं झालं," ती म्हणाली. "पन मी नळी चोरली नाय. मागून घेतली. ते लिवलंस का?"

लिहिलं नव्हतं. 'दुसऱ्या गटाचं मलम वापरलं' असं मोघम लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'पहिल्या गटातील स्त्रियांनी मागणाऱ्या प्रत्येकीला मलम स्वखुशीने दिले.' सोनाबाईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग घरी गेली.

सोमवारी मी बैठकीत उभी राहून "माझं चुकलं" म्हटलं. हर्षदला त्याचा आनंद लपवता आला नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आढावा गेला. समितीने तो वाचला, डॉक्टरांना दोनदा बोलावलं, आणि जूनच्या शेवटी जनाताईचा खडकावरून फोन आला. "उपकेंद्रात खोका आलाय. झाकन पांढरं हाय, पन मलम तेच. येवस्थित बगून घेतलं. आता आवनीला तुमी या. चिखल काय असतो ते कळू द्या."

गेले. जनाताईला नाही म्हणता येत नाही. चौथ्या दिवशी माझ्या डाव्या पायाच्या दोन बेचक्या फुटल्या. जनाताईने पांढऱ्या झाकणाची नळी हातावर ठेवली, जुनी वही काढली, शेवटचं कोरं पान उघडलं आणि माझी पावलं काढून दोन ठिपके दिले. मग खाली काहीतरी लिहू लागली. मी वाकून पाहिलं. 'पहिल्या दिशी दुपारीच कंबर धरून बांधावर बसली. कामाची नाय.'

"हे कशाला लिहिताय, जनाताई?"

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "समदं लिवायचं, तुमीच बोल्लात ना?"